व्हिजिटर सेंटर उताराच्या पोटात घालायचं की जमिनीवर हलकं उभं करायचं?

उतारपाटी (धागाकर्ता)
निसर्गस्थळी पर्यटकांसाठी माहिती केंद्र बांधायचं तर ते उताराच्या पोटात घालावं, वर माती आणि गवत, उघडी बाजू एकच. याहून प्रामाणिक मार्ग मला दिसत नाही. उत्तर आयर्लंडमधल्या जायंट्स कॉजवेचं (बेसॉल्टच्या नैसर्गिक खांबांचा समुद्रकिनारा) केंद्र (२०१२, वास्तुरचनाकार हेनेगन पेंग) बघा. जमिनीला दोन घड्या घातल्यात. एकीत इमारत आहे, छपरावर गवत, दर्शनी खांब त्याच भागातल्या बेसॉल्टचे. खांबांवर उचललेली खोकी कितीही नाजूक असली तरी खोकीच दिसतात. विरुद्ध मतं हवी आहेत, पण आकड्यांसकट.

खड्डा_कुठे_टाकू
आकडे घ्या. ६०० चौ.मी.चं केंद्र ४ मीटर खाली घातलं तर खोदाई २४०० घनमीटर. माती मोकळी झाली की फुगते. पाव पट धरली तरी ३००० घनमीटर, म्हणजे १० घनमीटरच्या डंपरच्या ३०० खेपा. छपरावर परत किती जाते? ३०० मि.मी. थर दिला तरी १८० घनमीटर. बाकीचा ढीग कुणाच्या निसर्गात मिसळणार? शिवाय डंपर जायला रस्ता कापावा लागतो, आणि तो रस्ता नंतर कुणी बुजवत नाही.

उतारपाटी
तुम्ही सपाट माळावर खड्डा खणताय, मी उताराबद्दल बोलतोय. ४० बाय १५ मीटरची इमारत १:४ उतारात लांबी समतल रेषेला (एकाच उंचीच्या रेषेला) धरून बसवा. पाठीमागे कापणी पावणेचार मीटर, पुढे शून्य. एकूण ११२५ घनमीटर, तुमच्या निम्म्याहून कमी, आणि त्यातली बरीच माती दोन्ही बाजूंच्या भरावात जिरते. सपाट जागी पुरू नये, हे मान्य.

निथळ
खोदाई एकदाच होते, पाणी दरवर्षी येतं. उतारावरून मुरलेलं पाणी मागच्या भिंतीला अडतं. ४ मीटर उंच रिटेनिंग वॉलमागे (माती अडवणाऱ्या भिंतीमागे) निचरा तुंबला तर तळाशी नुसत्या पाण्याचा दाब चौ.मी.ला सुमारे ४ टन. कोरड्या मुरमाड भरावाचा साधारण अडीच टनच असतो. भिंतीला बाक येतो तो बहुतेक वेळा पाण्यामुळे, मातीमुळे नाही.

क्रम असा: भिंतीच्या मातीकडच्या अंगाला मेंब्रेन (पाणी रोखणारा पडदा), त्यावर संरक्षक बोर्ड, मग ३०० मि.मी. जाड खडीचा उभा पट्टा, खडी आणि माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल (गाळणीचं कापड), तळाशी छिद्रं पाडलेला पाइप. पाइपाची पातळी आतल्या फरशीच्या खाली. दर वळणावर साफसफाईचं तोंड ठेवायचं. हे तोंड नकाशात असतं, पण बाग करणारे त्यावर झुडूप लावतात. पाइप गाळाने बंद होतो, आणि आतल्या प्रदर्शनाच्या फलकामागे ओल दिसते तेव्हा भिंत खणून काढण्याशिवाय इलाज नसतो. इमारतीच्या वरच्या अंगाला ४-५ मीटरवर उघडा चर हवाच, म्हणजे वाहून येणारं पाणी भिंतीपर्यंत पोचतच नाही. पाइप आणि चर यांपैकी एकच परवडत असेल तर हा धागा इथेच बंद करा.

सेडम
छपराबद्दल एक खुपतं. खोदलेलीच माती वर पसरायची हा विचार कानाला गोड लागतो, पण भिजलेली माती घनमीटरला १८०० ते २००० किलो. ३०० मि.मी. थर म्हणजे चौ.मी.ला जवळपास ६०० किलो, तोही कायमचा. त्यातले चिकणमातीचे कण गाळणीच्या कापडात बसतात आणि छप्पर तळं होतं. हलकं मिश्रण वापरा, विटांचा चुरा किंवा ज्वालामुखीजन्य खडा जास्त, सेंद्रिय भाग कमी. १०० मि.मी. थर भिजून १२० ते १५० किलोत बसतो. मूळ जागेची वरची १५० मि.मी. माती वेगळी काढून २ मीटरपेक्षा कमी उंच ढिगात ठेवा आणि ती कडेच्या भरावावर वापरा. स्थानिक गवताचं बी तिच्यातच असतं.

मिश्रण चढवण्याआधी मेंब्रेनवर ५० मि.मी. पाणी ४८ तास उभं करून बघायचं. वर हिरवळ आल्यावर गळती शोधणं म्हणजे गवतात सुई शोधणं, शब्दशः. आणि पहिली दोन वर्षं पाणी घालायची तरतूद नसेल तर 'हिरवं छप्पर' हा शब्द कागदपत्रांत लिहू नका.

हलका_पाय
आता माझी बाजू. इंग्लंडमधलं स्टोनहेंजचं (प्राचीन उभ्या दगडांचं वर्तुळ) केंद्र (२०१३, डेंटन कॉर्कर मार्शल) उथळ पायावर बसलंय, २११ बारीक तिरक्या खांबांवर पातळ छप्पर, आणि गरज संपली तर उचलून नेता यावं असा मूळ हेतू. पुरलेलं काँक्रीट कोण उचलणार? त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते दगडांपासून सुमारे अडीच किलोमीटर लांब आहे. दगडांना खेटून जाणारा रस्ता बंद करून तिथे गवत लावलं. दृश्याला खरा फायदा झाला तो या अंतराने. स्क्रू पाइलवर (जमिनीत पिळून बसवलेल्या पोलादी खांबांवर) बांधलं तर खोदाई नगण्य आणि उतारावरचं पाणी खालून निघून जातं.

निथळ
खालून जातं, पण गवत टिकत नाही. १५ मीटर रुंद फरशीखाली ना ऊन, ना पाऊस. दोन वर्षांत धुळीचा पट्टा, आणि पागोळ्यांच्या रेषेत घळ. वळचणीखाली ३०० मि.मी. रुंद गोट्यांचा चर दिला तर घळ थांबते, धूळ नाही. आणखी एक, लांबून माणसं आणायची म्हणजे वाहन आलं. स्टोनहेंजला सुरुवातीला लँड रोव्हरने ओढायचे डबे ठेवले होते, गर्दीला ते पुरेनात, बस आणाव्या लागल्या.

मुरूम_आणि_मेंब्रेन
दोघांनीही मातीची जात विचारली नाही. अमेरिकेतल्या डायनोसॉर नॅशनल मॉन्युमेंटचं जीवाश्मांच्या भिंतीवरचं केंद्र १९५८चं. खालची माती फुगणारी. ओली झाली की इमारत उचलायची, वाळली की खाली यायची. २००६मध्ये बंद करावं लागलं, २०११मध्ये नव्या पायासकट उघडलं. तिथे छप्पर हिरवं आहे की पांढरं, याने काय फरक पडला असता?

पाच_सेंटिमीटर
काचेचं कुणीच काढलं नाही. उघडी बाजू एकच म्हणजे ती अख्खी काच असणार, आणि तिच्यात आकाश आणि झाडं दिसणार. माणसाला वाटतं इमारत मिसळली, पक्ष्यालाही तसंच वाटतं आणि तो आदळतो. काचेच्या बाहेरच्या पृष्ठावर ठिपके किंवा रेषा हव्यात, मधली जागा ५ सें.मी.हून जास्त नको. आतून लावलेले ससाण्याचे दोन स्टिकर म्हणजे शोभा.

गाडीतळ
इमारत ६०० चौ.मी. गाड्या १००. मार्गिका धरून गाडीमागे २५ ते ३० चौ.मी., म्हणजे इमारतीच्या चार-पाच पट जागा. त्यावर ऊन पडलं की समोरच्या टेकडीवरून टपांची चकाकी आधी दिसते. कॉजवेला दुसरी घडी गाडीतळ झाकायलाच घातलीय, धागाकर्त्याने तो भाग सोडला.

उतारपाटी
सोडला खरा. अंतराचा मुद्दाही पटला. प्रेक्षणीय बिंदूला चिकटून बांधायचंच नाही, मग पुरणं किंवा उचलणं हा दुसरा प्रश्न. पण खांबांचाही हिशोब करा. फरशी १ मीटर उचलली की छपराची कडही १ मीटर वर जाते, क्षितिजरेषा तोडते. १:१२ रॅम्प १२ मीटर, वर ७५० मि.मी. चढानंतर विसावा.

हलका_पाय
१:२० ची पायवाटच करा, २० मीटर. कठडे लागत नाहीत आणि ती रॅम्प वाटत नाही. तुमच्या पुरलेल्या केंद्रात फरशी ३ मीटर खाली गेली तर विसावे धरून १:१२ने ४० मीटर होतात. क्षितिजरेषेसाठी चारही कोपऱ्यांवर छपराच्या उंचीचे बांबू रोवा, टोकाला कापड बांधा, आणि नेहमीच्या पायवाटांवरून डोळ्याच्या उंचीला, १.६ मीटरवरून, फोटो काढा. संगणकावरची चित्रं नेहमी ड्रोनच्या उंचीवरून असतात. तिथून सगळंच मिसळतं.

गाडीतळ
बांबू रोवलेत तर एक गाडीतळाच्या तोंडाशीही रोवा, आणि तिथून दार दिसतं का ते बघा. पुरलेल्या केंद्रांत दार सापडत नाही म्हणून नंतर पिवळ्या बाणांच्या पाट्या लागतात, दोन-दोन मीटरच्या.