जाड भिंतींच्या घरात रेंज टिकवणारा फोन कसा निवडावा?

प्रश्न

माझे वडील एकटे राहतात. त्यांच्या घराच्या भिंती दगडी आणि जाड असल्यामुळे आतल्या खोलीत फोनची रेंज जवळजवळ नाहीशी होते, अंगणात आल्यावर ती परत येते. मध्यंतरी त्यांना बरे नव्हते, त्या रात्री मी चार वेळा फोन केला आणि एकदाही लागला नाही. आता त्यांना नवा फोन घेऊन द्यायचा आहे. कॅमेरा साधा असला तरी चालेल. फोन लागावा, आवाज स्पष्ट ऐकू यावा आणि बॅटरी दिवसभर पुरावी, एवढीच अपेक्षा आहे. महाग फोन रेंजही जास्त पकडतो, हे खरे आहे का?

पहिला प्रतिसाद

किमतीवरून रेंजचा अंदाज बांधता येत नाही. आपल्या कंपनीचा टॉवर ज्या बँडवर (म्हणजे रेडिओ लहरींच्या ठरावीक पट्ट्यावर) चालतो, तो बँड फोनमध्ये आहे की नाही, हे आधी पाहावे लागते. ७००, ८०० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूरवर पोहोचतात आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी आत येतात. २३०० किंवा ३५०० मेगाहर्ट्झवर इंटरनेटचा वेग चांगला मिळतो, पण जाड भिंतीपाशी त्या लहरी फार क्षीण होतात. एकाच नावाच्या मॉडेलच्या वेगवेगळ्या देशांसाठी वेगवेगळ्या आवृत्त्या निघतात आणि त्यांतले बँड सारखे नसतात, म्हणून परदेशातून कोणी फोन आणून देत असेल तर पूर्ण मॉडेल क्रमांक घेऊन बँडची यादी तपासल्याशिवाय होकार देऊ नका. फोनमध्ये व्होल्टीई, म्हणजे ४जीवरूनच कॉल करण्याची सोय, आहे आणि ते आपल्या कंपनीच्या सिमवर चालते, याचीही खात्री करून घ्या. जिथे जुनी २जी आणि ३जी सेवा बंद झाली आहे, तिथे व्होल्टीई नसलेल्या फोनवर ४जीचे इंटरनेट चालते, पण साधा कॉल लागत नाही.

दुसरा प्रतिसाद

खरेदीपूर्वी मोजमाप करावे, असे मी आग्रहाने सुचवेन. पडद्यावरच्या रेंजच्या काड्यांवर विसंबू नका, कारण किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या हे प्रत्येक कंपनी आपापले ठरवते. बहुतेक अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये, सिमच्या माहितीखाली, सिग्नलची पातळी डीबीएम या शक्ती मोजण्याच्या एककात दिसते. हा आकडा ऋण असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. ४जीवर उणे ९०च्या आसपास काळजीचे कारण नसते, आकडा उणे ११५च्या खाली गेला की मात्र कॉल तुटू लागतात. या आकड्यात १०चा फरक पडला की शक्ती दहापट बदलते, त्यामुळे उणे ९५ आणि उणे ११५ यांत शंभरपटींचा फरक असतो.

घरात ब्रॉडबँड असेल तर वायफाय कॉलिंगची, म्हणजे टॉवरऐवजी घरच्या वायफायवरून कॉल करण्याची, सोय असलेला फोन घ्या. ती सोय फोन आणि सिमची कंपनी या दोघांकडेही असावी लागते. मात्र वीज गेली की राउटर बंद पडतो आणि त्याबरोबर ही सोयही थांबते, म्हणून वडील एकटे असताना राउटरला बॅकअप जोडलेला असणे मला अत्यावश्यक वाटते.

तिसरा प्रतिसाद

आमच्या घरी नवा फोन आणूनही काही फरक पडला नाही. दुसऱ्या कंपनीचे सिम घातल्यावर मात्र त्याच खोलीत बोलणे होऊ लागले. तेव्हा दोन सिमचा फोन घेऊन दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवावीत, असे माझे मत आहे. बॅटरीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा: सिग्नल क्षीण असला की टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी फोन अधिक शक्तीने लहरी सोडतो, त्यामुळे रेंज सुधारल्यावर तीच बॅटरी जास्त वेळ पुरते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल मोजून पाहिले. वडिलांच्या फोनवर अंगणात उणे ९२ आणि आतल्या खोलीत उणे ११८ आकडा आला. माझ्या फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचे सिम आहे, त्यावर त्याच खोलीत उणे १०३ दिसला आणि दहा मिनिटे बोलणे न तुटता झाले. वडिलांच्या फोनच्या यादीत ९०० मेगाहर्ट्झच्या आतला एकही ४जी बँड नाही, हेही आता कळले. त्यामुळे हे बँड आणि दोन सिम असलेला फोन शोधतो आहे. तो मिळेपर्यंत त्यांचा पलंग अंगणाकडच्या खिडकीपाशी हलवला आहे; तिथे उणे १०१ येतो आणि रात्रीही फोन लागतो.