गोफ बसवतेय, विणताना जमतो पण उलगडताना गुंता होतो

शाळाबाई

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरी जिल्ह्यात जि.प. शाळेवर आहे. नाचाचं शिक्षण वगैरे काही नाही पण स्नेहसंमेलनात नाच बसवायचं काम दरवर्षी माझ्याकडेच येतं. यंदा ठरवलं की गाणं लावून सगळ्यांनी एकसारखे हात हलवायचे हे नको, पाचवी ते सातवीच्या मुलांकडून गोफ करून घ्यायचा, म्हणजे वर टांगलेल्या दोऱ्या धरून रिंगणात नाचत त्यांची वेणी विणायची आणि मग उलटं फिरून ती उलगडायची. आठ मुलं घेतलीत, चार मुली चार मुलगे. विणायला जमतंय, वेणी बऱ्यापैकी पडते, पण उलटं फिरून उलगडायला लागलं की दुसऱ्या-तिसऱ्या गाठीलाच, म्हणजे समोरच्याला ओलांडतानाच, दोऱ्या अडकतात आणि मग तू चुकलास, तू चुकलीस सुरू. मला बाहेरून बघून कळतच नाही कोण चुकतंय, कारण सगळे बरोबर आत-बाहेर आत-बाहेर जात असतात.

अजून काही गोष्टी आहेत. एका मुलाला ताल अजिबात सापडत नाही, पण त्याला काढायचं नाहीये, एरवी वर्गात तोंड न उघडणारा मुलगा, त्याने स्वतःहून येऊन नाव दिलंय. सातवीचे मुलगे नाच म्हटलं की लाजतात. आणि पालकांचं म्हणणं आमची मुलगी पुढच्या रांगेत हवी, शिवाय काहीजण म्हणतात गोफ कोण बघतंय बाई, चालू सिनेमातलं गाणं घ्या. मला गोफच करायचाय. कुणी बसवला असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

काणकोणकार

ताई, आमच्याकडे गोव्यात शिगम्याला, म्हणजे होळीच्या सणाला, गोफ असतो, लहानपणापासून बघत आणि करत आलोय, म्हणून लिहितो. तुमचा घोळ वळणावर होतोय. आठ जण म्हणजे चार एका बाजूने फिरणार, चार उलट बाजूने. समोरून येणाऱ्याला एकदा आतून ओलांडायचं, पुढच्याला बाहेरून, असं आलटून पालटून. आतून जाणारा वाकतो, बाहेरून जाणारा आपली दोरी उचलून त्याच्या डोक्यावरून नेतो. इथपर्यंत तुमची मुलं बरोबर आहेत.

आता समजा विणताना एखाद्या मुलीची शेवटची गाठ बाहेरून पडली. उलगडायचं म्हणजे ती गाठ आधी सुटली पाहिजे, म्हणजे वळल्यावर तिने त्याच मुलाला परत बाहेरूनच ओलांडायला हवं. पण मुलांच्या डोक्यात आत-बाहेरची सवय बसलेली असते, आत्ता बाहेर झालं ना मग आता आत, असं म्हणून ती आत जाते. तिथे गाठ सुटायच्या ऐवजी नवीन अडकते आणि पुढे सगळंच. तुम्हाला बाहेरून चूक दिसत नाही त्याचं कारण हेच, आत-बाहेर व्यवस्थित चाललेलं असतं, फक्त एका घराने सरकलेलं असतं.

तेव्हा मुलांना एवढंच पक्कं करा की वळल्यावर पहिली गाठ शेवटच्या गाठीसारखीच आणि शेवटच्याच जोडीदाराबरोबर. गाठ पडली की त्या जोडीदाराकडे आपली पाठ असते, म्हणून 'ज्याच्याकडे पाठ त्याच्याकडे वळा' असं सांगितलं की मुलांना लगेच कळतं. वळताना दोरीचा हातही बदलायचा, दोरी नेहमी आतल्या बाजूच्या हातात हवी.

आणि विणायचं मधेच कुठेतरी थांबवू नका. आठ जणांत प्रत्येक गाठीला मूल एक जागा पुढे जातं, म्हणजे आठ गाठी झाल्या की प्रत्येकजण आपल्या मूळ जागी. खडूने जमिनीवर आठ खुणा करून नंबर टाका. सगळे आपापल्या नंबरावर आले तरच वळायचं, नाहीतर तिथेच थांबून बघायचं कोण कुठे आहे. चार दोऱ्या एका रंगाच्या आणि चार दुसऱ्या घेतल्यात तर एका दिशेचे सगळे एका रंगाचे होतात आणि चूक कुठे झाली ते तुम्हाला लांबूनही दिसेल.

घुंगरू

वरचा प्रतिसाद फार छान. मी पुण्यात लहान मुलांना कथक शिकवते, गोफ कधी बसवला नाही पण आत-बाहेर मोजण्याबद्दल सांगावंसं वाटतंय. आमच्याकडे प्रारंभिकच्या, म्हणजे अगदी पहिल्या परीक्षेच्या मुलांनाही आधी पढंत असते, म्हणजे बोल हाताने टाळी देत तोंडाने म्हणायचे, ते पक्के झाले की मगच पाय. तुम्ही दोऱ्या काही दिवस बाजूला ठेवा आणि मुलांना बोल द्या. आतून जाताना 'वा-कू-न-जा', बाहेरून जाताना 'दो-री-उ-चल', प्रत्येकी चार मात्रा, दोन्ही मिळून केरव्याचं, म्हणजे आठ मात्रांच्या तालाचं, एक आवर्तन. एका रंगाची मुलं वाकून जा म्हणतात तेव्हा दुसऱ्या रंगाची दोरी उचल म्हणणार. बसून म्हणायचं, मग रिंगणात नुसतं चालत, मग दोरी घेऊन.

आठ गाठी म्हणजे बत्तीस मात्रा, चार आवर्तनं. मग एक अख्खं आवर्तन फक्त वळायला ठेवा, वादक असेल तर तिथे त्याला ठेका बदलायला सांगा म्हणजे मुलांना ऐकूनच कळेल. वळल्यावर बोल उलटतात, जो 'वाकून जा, दोरी उचल' म्हणत आला तो आता 'दोरी उचल, वाकून जा' म्हणणार. काणकोणकारांनी सांगितलेली वळणावरची दोनदा येणारी गाठ ह्यात आपोआप बसते.

तुमच्या त्या मुलाबद्दल. त्याला अजिबात काढू नका, आणि काठावर झाड किंवा पताका धरून उभंही करू नका, मुलाला ते बरोबर कळतं. ताल नाही म्हणतो ती बरीच मुलं ऐकतात बरोबर, पण पाय, हात आणि समोरचा माणूस हे तिन्ही एकदम सांभाळताना गडबडतात. त्याला ठेक्यातली पावलं देऊच नका, नुसतं चालू दे. गोफात वेळेवर जोडीदारासमोर पोचणं महत्त्वाचं, पाऊल सुंदर पडतंय की नाही हे लांबून कुणाला दिसत नाही. त्याच्या समोरून येणारी पहिली मुलगी पक्क्या तालाची ठेवा आणि बोल मोठ्याने म्हणायचं काम त्याच्याकडे द्या.

एक कळकळीची विनंती, तुम्ही समोर उभं राहून करून दाखवणं लवकर बंद करा. स्टेजखाली बाई हातवारे करतायत आणि वर सगळी मुलं प्रेक्षक सोडून बाईंकडे बघतायत हे मी इतक्या कार्यक्रमांत बघितलंय आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं, कारण त्या मुलांना येत असतं, फक्त त्यांच्यावर कुणी सोडलेलं नसतं. थोडं जमायला लागलं की कोपऱ्यात खाली बसा.

आणि सिनेमातल्या गाण्याचं म्हणाल तर ठाम राहा. जून २०१९ मध्ये माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने खासगी चॅनेल्सना सूचना काढली होती की डान्स रिअ‍ॅलिटी शोमध्ये लहान मुलांना मोठ्यांच्या सिनेमातल्या, वयाला न शोभणाऱ्या हालचाली करायला लावू नका. टीव्हीला सांगावं लागतं तर शाळेने आपणहून पाळायला काय हरकत आहे? दहा वर्षांच्या मुलीला तिला अर्थ न कळणारे हावभाव शिकवायचे आणि लोक टाळ्या वाजवतात म्हणून ते चांगलं म्हणायचं, मला हे कधीच पटलेलं नाही.

मैदानावरचे सर

बाई, मुलग्यांसाठी सोपा उपाय, एन्ट्री लेझीमवर घ्या. मी शाळेत पीटी घेतो. नाचायचंय म्हटलं की मागे सरणारी मुलं हलगी वाजली की लेझीम घेऊन पुढे येतात. आठही जणांना लेझीम द्या, मुलींनाही, साधे चार आवाज करत दोन रांगांनी यायचं, रिंगण करायचं, लेझीम बाहेर ठेवून दोरी धरायची. गोफ सुटला की परत लेझीम उचलून जायचं. हलगी वाजवणारा गावात मिळेलच, रेकॉर्डपेक्षा तो केव्हाही बरा, मुलं अडखळली तर एक आवर्तन जास्त वाजवून सांभाळून घेतो, रेकॉर्डिंग थांबत नाही.

पुढच्या रांगेचं काय सांगणार, रिंगणाला पुढची रांग नसतेच. प्रत्येक मूल फिरत फिरत समोर येतं. पालकांना एकदा तालमीला बोलवा, बघितलं की गप्प होतील.

उंचीचं मात्र बघा. पाचवी आणि सातवीत कधीकधी वीतभर फरक असतो आणि बुटक्या मुलीने उंच मुलाच्या डोक्यावरून दोरी न्यायची म्हणजे ती गळ्यात अडकणार. शक्यतो एका उंचीची आठ निवडा, किंवा उंच मुलांना गुडघ्यात चांगलं वाकायची सवय लावा.

फिजिओ_नाशिक

ह्या वयात उंची भराभर वाढत असते आणि गुडघ्याच्या वाटीच्या जरा खाली हाडावर दुखणं बऱ्याच मुलांना होतं, उड्या आणि वाकणं जास्त झालं की वाढतं. तेव्हा मूल 'इथे दुखतं' म्हणालं तर नाटक समजू नका, त्या दिवशी त्याला बोल म्हणायला बसवा. सिमेंटच्या ओट्यावर किंवा लादीवर उड्यांची तालीम नको, मातीचं पटांगण असेल तर ते उत्तम. सुरुवातीला पाच-दहा मिनिटं हळू पळणं, घोटे फिरवणं. स्टेजवर शतरंजी घालणार असाल तर चारही बाजूंनी ताणून पक्की करा, तिच्या सुरकुतीत पाय अडकूनच मुलं पडतात.

शाळाबाई

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! आज दोऱ्या न घेता बोलांवर फिरवलं आणि वळण पहिल्यांदा बरोबर आलं, मुलांनीच आरडाओरडा करून सगळी शाळा गोळा केली. तो मुलगा 'दोरी उचल' इतक्या खणखणीत म्हणतो की बाकीचे त्याच्या आवाजावर चालतायत. लेझीमही घेतेय, सर.

एक शेवटचं, दोरी किती लांब घ्यायची आणि स्टेजवर टांगायची कशाला? मांडववाले म्हणतात वरच्या बांबूला बांधतो.

काणकोणकार

मांडवाच्या बांबूला नको ताई, आठ जणांचा ओढा एकाच जागी येतो. शाळेच्या व्हरांड्याला किंवा हॉलला लोखंडी तुळई असेल तर कार्यक्रम तिथे घ्या. नाहीच तर स्टेजवर वेगळी भक्कम चौकट उभी करून घ्या आणि आधी मोठ्या माणसांनी लोंबकळून बघा. सगळ्या दोऱ्या एकाच कडीला बांधायच्या, कडी मजबूत हवी.

लांबीचं असं, कडी दहा फुटांवर आणि रिंगण मधल्यापासून पाच फुटांवर धरलं तर कडीपासून मुलाच्या हातापर्यंतच आठेक फूट जातात. वेणी पडत जाईल तशी दोरी वर खेचली जाते, म्हणून बारा फूट घ्या आणि उरलेली दुसऱ्या हातात गोळा करून ठेवायला शिकवा, हळूहळू सोडत जायची. नायलॉन घेऊ नका, हात कापतो आणि गाठ सरकते. जुन्या सुती साडीच्या पट्ट्या पिळून घेतल्या तर उत्तम, रंगही मिळतात. दोरी मुठीतच धरायची, मनगटाला कुणीही गुंडाळायची नाही, हे रोज तालमीच्या आधी म्हणून घ्या. कुणी पडलं तर हात सुटायला हवा.