फोल्डरची विंडो हव्या त्या आकारात उघडावी म्हणून तुम्ही काय करता?

गिरगावकर
लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात परवा ८०० बाय ६०० पिक्सेलचा जुना मॉनिटर चालू स्थितीत दिसला आणि त्यावर एकावर एक उघडलेले फोल्डर पाहून लग्नपत्रिकांच्या डीटीपीची आमची खोली आठवली. विंडोज ९५ मध्ये प्रत्येक फोल्डर स्वतंत्र विंडोत उघडे, त्यामुळे नमुने, फाँट आणि गिऱ्हाइकांची कामे एकमेकांना झाकून टाकत. आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विंडो हवी तेवढी ओढायची आणि कंट्रोलची कळ दाबून धरूनच फुलीवर टिचकी मारायची, अशी शिस्त सर्वांना लावली होती. तसे केल्याने आकार टिकतो, हा त्यांचा अनुभव होता. इतक्या वर्षांनंतरही फोल्डर ऑप्शन्समध्ये आकार ठरवण्याची सोय नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. आपले अनुभव अवश्य लिहावेत.

मुलुंडची वाचक
विंडोज १० मध्ये जी विंडो सर्वांत शेवटी बंद होते तिचा आकार पुढच्या विंडोला मिळतो, म्हणून मी आधी बाकीच्या सर्व विंडो बंद करते, उरलेली एक कडेने ओढून नीट करते आणि मगच ती मिटते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर सासूबाईंना नातवंडांची छायाचित्रे स्वतः उघडून पाहता यावीत, यासाठी हे शोधून काढले. ‘अप्लाय टू फोल्डर्स’ हे बटण दाबल्याने चिन्हे मोठी दिसू लागली, पण त्याचा विंडोच्या आकाराशी संबंध नाही, शिवाय छायाचित्रांचे फोल्डर आणि साधे फोल्डर यांसाठी ते वेगवेगळे दाबावे लागते. आता त्या कोणालाही हाक न मारता दुपारभर फोटो पाहतात.

फोर्टातला हिशेबनीस
लोकलमध्ये आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. फोल्डरचा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवावा, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रन’ समोर ‘मॅक्सिमाइज्ड’ निवडावे. त्या शॉर्टकटवरून उघडलेला फोल्डर पूर्ण पडदाभर येतो.

मुलुंडची वाचक
काका, हे सासूबाईंसाठी फारच उपयोगी आहे, आजच करून देते.

परळचा चित्रकार
मॅकवर फाइंडरची (फोल्डर पाहण्याच्या प्रोग्रॅमची) नवी विंडो उघडून, आतल्या कोणत्याही फोल्डरवर टिचकी न मारता, फक्त तिचा आकार बदलून ती बंद करावी लागते; मध्येच एखादा फोल्डर उघडला तर तो आकार त्या फोल्डरच्या नावे जमा होतो. ही माहिती प्रत्येक फोल्डरमधल्या ‘डीएस स्टोअर’ नावाच्या लपवलेल्या फाइलमध्ये राहते. पेनड्राइव्ह छापखान्यात नेला की त्यांच्या विंडोजवर ती फाइल दिसते आणि तिथली मुले व्हायरस समजून घाबरतात, तेव्हा त्यांना समजावून सांगण्यात माझा बराच वेळ जातो.

दादरकर
छापखान्यातल्या मुलांची काळजी मला समजते, कारण पेनड्राइव्हमधून आलेल्या व्हायरसने आमचेही बरेच काम बुडाले आहे. मूळ विषयाबद्दल सांगायचे तर विंडोज एक्सपी प्रत्येक फोल्डरची मांडणी वेगळी लक्षात ठेवत असे, परंतु ती यादी मूळ स्वरूपात ४०० फोल्डरांपुरतीच होती. आमच्या कार्यालयात प्रत्येक अशिलाचा स्वतंत्र फोल्डर असल्याने ती मर्यादा लवकर ओलांडली जाई आणि मांडून ठेवलेल्या विंडो पुन्हा भलत्याच आकारात उघडत. रजिस्ट्रीमध्ये, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंगांच्या नोंदीत, ‘बॅगएमआरयू साइज’ हा या यादीच्या मर्यादेचा आकडा वाढवल्यावर तो त्रास थांबला.

भांडुपची विद्यार्थिनी
माझ्या वडिलांना लिनक्सवरचा २००४ सालचा ग्नोम २.६ हा डेस्कटॉप आजही आठवतो, कारण त्यात प्रत्येक फोल्डर स्वतःच्या विंडोत, मागच्याच जागी आणि मागच्याच आकारात उघडत असे. कित्येकांना विंडोंची ती गर्दी नकोशी झाली, पण बाबांना आपली प्रत्येक वस्तू ठेवल्या जागी सापडते याचे समाधान होते, आणि मला त्यांचेच म्हणणे पटते.

गिरगावकर
दादरकर, तो आकडा बदलण्यापूर्वी रजिस्ट्रीची प्रत काढून ठेवावी, एवढे इतर वाचकांसाठी जोडतो. मुलुंडच्या ताई, सासूबाईंना शॉर्टकट जमला की कळवा.