मदत हवी आहे : ‘खरडून गेलेली जमीन’ आणि ‘गाळ साचलेली जमीन’

नमस्कार मंडळी. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले. नाल्याचा पूर वावरात शिरला. नाल्याकाठची माती धुऱ्यासकट (बांधासकट) वाहून गेली, खाली मुरूम उघडा पडला. खालच्या बाजूला पऱ्हाटीवर (कपाशीवर) वीतभर गाळ बसला. पंचनाम्यात मात्र फक्त ‘पीक नुकसान 33 टक्क्यांहून अधिक’ एवढंच लिहिलं आहे.

आपत्तीतल्या सरकारी मदतीच्या 2022 ते 2026 च्या निकषांत कोरडवाहू पिकाला हेक्टरी 8,500 रुपये, तीन इंचांवर गाळ असेल तर तो काढायला 18,000 आणि जमीन वाहून गेली असेल तर 47,000 रुपये होते. म्हणजे एका शब्दाने केवढा फरक पडतो! बाबांनी तीस वर्षं जपलेली माती होती ती, म्हणून जीव तुटतो.

पंचनाम्यात दुरुस्ती कुणी करून घेतली आहे का? अर्ज तलाठ्याकडे द्यायचा की थेट तहसीलदारांकडे? फोटो आहेत, सातबारा आहे. एकाच गट नंबरात वरच्या भागाला खरडीची आणि खालच्याला गाळाची, अशी वेगवेगळी नोंद होते का?

आणखी एक. मदतीच्या यादीत आपल्या नावाचा विशिष्ट क्रमांक आल्यावर, ई-केवायसी (आधारने ओळख पटवणं) करण्याआधीच हरकत घ्यावी लागते का? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.