मदत हवी आहे : ८५ आणि १०० दोन्ही लेन्स ठेवू की एक काढू? शनिवारच्या आत सांगा

रुळावरचा | बुधवार, रात्री ११:४०

मंडळी, पटकन सांगा. माझ्याकडे ८५ मिमीची लेन्स आहे, आता १०० ची पण आली. दोन्ही पोर्ट्रेटच्याच. दोन्ही ठेवण्यात काही अर्थ आहे का? फोर्टातला एक दुकानदार १०० घ्यायला तयार आहे, पण त्याला शनिवारी दुपारपर्यंत हो-नाही कळवायचंय, नंतर भाव पाडेन म्हणतो. बायको म्हणते दोन्ही सारख्याच दिसतात, कपाटात जागा कोण देणार. गूगल करून झालं, सगळीकडे 'तुमच्या गरजेवर अवलंबून'. तसलं उत्तर नको.

खिडकीतली_सीट | ११:५२

तुमच्या गरजेवर अवलंबून आहे.

गंमत केली. पण कॅमेरा कुठला? ८५ किती एफची, १०० किती एफची (आकडा लहान तितका उजेड जास्त)? फोटो कसले काढता? हे म्हणजे डॉक्टरला फोन करून 'दुखतंय, गोळी सांगा' म्हणण्यासारखं झालं.

फोकसपंत | गुरुवार, सकाळी ६:१५

१०० विकायची चूक करू नका!! १०० म्हणजे मॅक्रो, बारीक गोष्टी जवळून मोठ्या टिपणारी, तिच्यासारखी लेन्स नाही. पहिला पाऊस झाला की बोरिवलीला नॅशनल पार्कात पहाटे जा, पानापानावर कोळी असतात. जाळ्यातली पांढरी नागमोडी नक्षी फ्रेमभर घ्या, पोर्ट्रेट-बिर्ट्रेट विसराल. ट्रायपॉड मात्र हवा. माझ्याकडे जुना आहे, त्याचा एक पाय सरकतो, रबर बँड लावून चालवतो.

रुळावरचा | ९:०५

मॅक्रो नाही हो. १०० एफ २. ८५ एफ १.८. दोन्ही कॅनन, कॅमेरापण कॅनन. अजून काय सांगू?

खिडकीतली_सीट | ९:०९

कॅननचा *कुठला*?

रुळावरचा | ९:३१

२०० डी. लोकलमध्ये आहे, दादरला उतरल्यावर बघतो.

खिडकीतली_सीट | १०:२०

आता कुठे बोलता येईल. २०० डी क्रॉप बॉडी आहे, आतला सेन्सर फुल फ्रेमपेक्षा (जुन्या रोलच्या फ्रेमएवढ्या सेन्सरपेक्षा) १.६ पट लहान. म्हणजे तुमची ८५ फुल फ्रेमवरच्या १३६ सारखी चालते आणि १०० ही १६० सारखी. दहा फुटांवरून कॅमेरा उभा धरलात तर ८५ मध्ये साधारण ८० सेंटीमीटर उंची मावते, १०० मध्ये ६८. आपल्याकडच्या हॉलमध्ये सोफा आणि टीव्हीच्या मधे दहा फूट मिळाले तरी नशीब. घरात काढणार असाल तर १०० घेऊन भिंतीला पाठ टेकवून उभे राहाल.

धूसर पार्श्वभूमीचं म्हणाल तर दोघी बहिणी आहेत. ८५ ला १.८ ने भागा, उजेडाचं भोक ४७ मिमी येतं. १०० ला २ ने भागा, ५०. माणूस फ्रेममध्ये तेवढाच ठेवलात तर मागचे लांबचे दिवे जवळजवळ तेवढेच फुगणार. फिल्टरसुद्धा दोघींना ५८ चाच लागतो. वजनही उन्नीस-बीस, ४२५ ग्रॅम आणि ४६०. त्यामुळे वहिनींचं निरीक्षण बरोबर आहे.

दीड_किलो | १०:४८

दोन्ही विका, त्यात थोडे घाला आणि सेकंडहँड ७०-२०० एफ २.८ झूम घ्या. ८५ पण त्यात, १०० पण त्यात, वर २०० फुकट. प्राइम (एकाच मापाच्या, झूम न होणाऱ्या) लेन्स गोळा करणं म्हणजे पोह्याला वेगळी कढई, उपम्याला वेगळी.

खिडकीतली_सीट | १०:५५

तुमचं नावच तिचं वजन आहे. सहा अडतीसच्या बोरिवली फास्टला ती गळ्यात घालून चढा, मग बोलू. शिवाय २.८ म्हणजे एफ २ पेक्षा एक अख्खा स्टॉप कमी उजेड, म्हणजे निम्माच.

दीड_किलो | ११:०२

बारा वर्षं चढतोय. सॅक पुढे घ्यायची.

करड्या_छटा | ११:४०

वर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. १०० मध्ये चेहरा जास्त भरीव येतो, नाक पुढे येत नाही. हा फरक गणितात दिसत नाही, डोळ्याला दिसतो.

खिडकीतली_सीट | ११:४४

नाक लेन्समुळे पुढे येत नाही, तुम्ही जवळ गेल्यामुळे येतं. एकाच जागेवर उभं राहून दोन्हींनी काढा आणि ८५ चा फोटो कापा. नाक तसंच.

करड्या_छटा | ११:५०

पण १०० लावली की माणूस मागे जातोच ना! तीच तर गंमत. माणूस लेन्स बघून उभा राहतो, गणित बघून नाही.

खिडकीतली_सीट | ११:५३

हे मान्य.

मोगरा | दुपारी १:१५

सगळे नाकावर आलात, पण हे फोटो *कशाचे* काढतात ते अजून कोणालाच माहीत नाही.

रुळावरचा | १:४०

नाटकाचे. सांगितलं होतं ना?

मोगरा | १:४१

नाही हो.

रुळावरचा | २:१०

सॉरी. एकांकिकांचे काढतो. आमच्या ऑफिसातला ग्रुप स्पर्धेत उतरतो. तालमी परळला एका शाळेच्या वर्गात, प्रयोग शिवाजी मंदिरला नाहीतर पार्ल्याला दीनानाथला. प्रयोगाला तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची मिळते, तिथून हलता येत नाही.

कोपऱ्यातली_खुर्ची | २:३०

तुम्हीच का ते! तिकीट काढून नाटकाला जावं तर ऐन पॉजमध्ये शेजारून खटॅक. नटाने दीड महिना तालीम करून मिळवलेली शांतता असते ती. रंगीत तालमीला काढा फोटो, प्रयोग लोकांना बघू द्या.

रुळावरचा | २:४५

ताई, सायलेंट मोडवर असतो. आणि स्पर्धेचे प्रयोग आहेत, परवानगी घेऊनच काढतो.

कोपऱ्यातली_खुर्ची | २:४९

सायलेंट मोडचा पण आवाज येतो. मागच्या रांगेत बसून बघा.

खिडकीतली_सीट | ३:३०

खुर्ची ठरलेली असेल तर माझं वरचं अर्धं उत्तर रद्द. वर मी 'माणूस तेवढाच ठेवून' म्हटलं होतं, कारण पुढेमागे होता येईल असं धरलं होतं. तिसऱ्या रांगेतून रंगमंचाच्या मध्यापर्यंत ८ मीटर धरू. उभ्या फ्रेममध्ये ८५ ला २.१ मीटर उंची मावते, १०० ला १.८. म्हणजे १०० मध्ये नट डोक्यापासून पायापर्यंत जेमतेम बसतो, ८५ मध्ये वरखाली मिळून फूटभर काळोख उरतो. तो काळोख कापला की २४ मेगापिक्सेलचे १७ राहतात. मोबाइलवर टाकायला चिक्कार, फ्लेक्सला थोडे कमी. १.८ आणि २ मधला उजेडाचा फरक एक तृतीयांश स्टॉप, तो विसरा.

आता एक काम करा. गेल्या दोन-तीन प्रयोगांचे निवडलेले फोटो उघडा आणि किती कापलेत ते मोजा.

रुळावरचा | रात्री १०:२०

मोजले. तीन प्रयोग, ६४ फोटो. ४९ कापलेत. मलाच माहीत नव्हतं. तालमीचे मात्र जवळजवळ कापलेलेच नाहीत. वर्ग लहान आहे, तिथे ८५ च अंगावर येते, बरेचसे कॅमेऱ्याबरोबर आलेल्या १८-५५ ने काढलेत.

मोगरा | १०:३४

मग प्रश्नच उलटा आहे की! प्रयोगाला १०० हवी, तालमीला १८-५५ पुरते. मधली ८५ कशाला ठेवताय? ती विका.

रुळावरचा | १०:५०

ती कशी विकू, ती मी स्वतः पहिल्या बोनसमधून घेतलेली.

मोगरा | १०:५२

आणि १०० कुठून आली?

रुळावरचा | ११:०५

मामांची. लालबागला स्टुडिओ होता, पासपोर्ट फोटो, बारशी, लग्नं. आता बंद केला. स्टीलच्या गोल डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट दिली. टोपणावर त्यांच्या हाताने लिहिलेली चिकटपट्टी आहे, 'नवरी-नवरा'.

करड्या_छटा | ११:०८

आणि ती तुम्ही फोर्टात द्यायला निघालात?? शनिवारची मुदत देऊन?

रुळावरचा | ११:३०

म्हणूनच पहिल्यांदा सांगितलं नव्हतं. आत्ता फोन केला मामांना. म्हणाले, "वीक रे, त्यात काय. मला ८५ च पाहिजे होती, बोरा बाजारात त्या दिवशी नव्हती म्हणून १०० उचलली." रोलच्या कॅमेऱ्यावर वापरायचे, त्यामुळे त्यांची १०० ही खरोखर १०० होती, असं आता कळतंय.

दीड_किलो | ११:३३

मामांनी परवानगी दिली. ७०-२०० घ्या.

खिडकीतली_सीट | शुक्रवार, सकाळी ९:१५

विकायला काहीही न्या, आधी टॉर्च मारून बघा. मागचं-पुढचं टोपण काढायचं, एका बाजूने मोबाइलचा टॉर्च, दुसऱ्या बाजूने तिरपं बघायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर बुरशी. तुमची ८५ पावसाळ्यात कुठे असते?

रुळावरचा | ९:४०

बॅगेत. बॅग कपाटात.

फोकसपंत | ९:४४

तांदळाच्या डब्यात ठेवा, आमच्याकडे वर्षानुवर्षं ठेवतात.

खिडकीतली_सीट | ९:४६

पंत, तांदळाची पूड आत जाते. हवाबंद डबा आणि सिलिका जेल, किंवा ड्राय कॅबिनेट, आर्द्रता ४० ते ५० टक्के. आणि ती कापडी बॅग दमट राहते, बुरशीला आयतं घर.

रुळावरचा | शनिवार, दुपारी ४:५०

काल रात्री टॉर्च मारला. मामांची स्वच्छ, धूळ सोडली तर काही नाही. माझी ८५, आतल्या काचेच्या कडेला नखाएवढं जाळं. बायकोनेच पहिल्यांदा बघितलं, म्हणाली हा केस आहे का.

तरी दोन्ही घेऊन फोर्टात गेलो. दुकानदाराने ८५ खिडकीकडे धरली, दोन सेकंदांत खाली ठेवली आणि जो आकडा सांगितला त्यात परत येताना वडापाव खाऊन टॅक्सी झाली असती. १०० साठी आधीचा भाव द्यायला तयार होता. नाही म्हणालो. दोन्ही घेऊन परत आलो.

८५ साफ करायला टाकलीय. काचेचं कोटिंग खाल्लेलं नसलं तर डाग जाईल म्हणतात. उद्या दीनानाथला प्रयोग आहे, १०० नेतोय. मागच्या रांगेतून आवाज येतो का तेपण बघतो.

कोपऱ्यातली_खुर्ची | ५:०५

उद्या मीपण आहे. बघूच.

फोकसपंत | ५:३०

८५ साफ झाली की विकायची घाई नको. मागे एक्स्टेंशन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधली पोकळ नळी) लावली तर कोळी बऱ्यापैकी मोठा येतो.