मदत हवी आहे: मायच्या गाण्यांसाठी टच स्क्रीनचा प्लेअर कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी,

मी धुळ्यात असते. माय चोपडा तालुक्यात, गावी. वय ७१. तिच्यासाठी सिमकार्ड नसलेला, फक्त गाणी वाजवणारा लहान प्लेअर हवा आहे. "फोनच दे की" असं घरातल्या सगळ्यांनी सांगून झालंय, म्हणून आधी फोन का नको ते लिहिते.

फोनवर गाणं लागलं की मध्येच कर्जवाल्यांचा कॉल येतो. तो कापायला गेली की भलतंच काहीतरी उघडतं, गाणं जातं ते जातंच. मागे एकदा ओटीपी मागणारा कॉल आला होता. तेव्हापासून ती फोन हातात धरायलाच घाबरते. "पैसे तर नाही ना कटले?" असं दहादा विचारते. गाणी ऐकायची वस्तू अशी धाक देणारी नको.

आणि ही गाणी बाजारात मिळणारी नाहीत. नानांनी १९८७ ते १९९४ या काळात घरच्या टेपरेकॉर्डरवर भरून ठेवलेल्या ११ कॅसेट आहेत. आखाजीला (अक्षय तृतीयेला) लिंबाच्या झोक्यावर म्हटलेली गाणी, कानबाई देवीच्या रात्रीचं जागरण, पहाटेच्या जात्यावरच्या ओव्या. बहुतेक ठिकाणी आवाज थोरल्या मावशीचा. मावशी चार वर्षांपूर्वी गेली. मायला दुसरं काही ऐकायचंच नसतं.

या कॅसेट मी दिवाळीच्या सुट्टीत संगणकावर घेतल्या. टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर थेट संगणकात आणि ऑडॅसिटी या आवाज भरायच्या, कापायच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंग. एका कॅसेटमधली फितीला मागून दाबणारी इवलीशी गादी गळून पडली होती, त्यामुळे आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येत होता. ती फीत दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या डबीत बसवली, मग आवाज मोकळा झाला. ९ कॅसेट ६० मिनिटांच्या आणि २ कॅसेट ९० मिनिटांच्या, म्हणजे १२ तास. मूळ वेव्ह फाइली मिनिटाला साधारण १० एमबी घेतात, त्यांना ७ जीबीच्या वर जागा लागली. त्या दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर ठेवल्यात. ऐकण्यासाठी १२८ केबीपीएसची एमपीथ्री केली, ती सगळी मिळून ७०० एमबीच्या आसपास. त्यामुळे जागेचा प्रश्न नाही, ८ जीबीसुद्धा भरपूर झाले.

प्रश्न हाताचा आहे.

गेल्या वर्षी ऑनलाइन एक बिनानावाचा टच प्लेअर मागवला होता. माय केळीच्या बागेत पिलं, म्हणजे बुंध्याशी फुटणारे कोंब, कापायला जाते. हाताला चीक लागून लागून बोटं काळी पडलीत आणि टोकाची कातडी जाड, चिरलेली. तिने काचेवर बोट ठेवलं, काही झालं नाही. जोरात दाबलं, तरी नाही. मग बोट तसंच दाबून धरलं, तर कुठलीतरी यादी उघडली. मी हात लावला की लगेच चालायचं. तिने प्लेअर माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "हाई पाटी मना हात वळखत नही." त्या दिवसापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. जुन्या टेपचा खटका तिचा हात ओळखत होता.

त्या प्लेअरवर देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसायचे, तेही एक. माय चौथी शिकलेली आहे, मोठं अक्षर सावकाश वाचते, पण चौकोन कोण वाचणार? आणि वैशाखात बॅटरी फुगून मागचं झाकण वर आलं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४ च्या वर जातो, पत्र्याच्या खोलीत तर बघायलाच नको. विकणाऱ्याने बदलून दिला नाही.

आता या वेळी नीट वाचून ठरवावं म्हणून बसले. आयपॉड टचची माहिती बरीच काढली. २००७ च्या पहिल्या मॉडेलला गाणी ऐकवणारा स्पीकर नव्हता आणि बाजूला आवाजाची बटणंही नव्हती, ती २००८ च्या दुसऱ्या मॉडेलला आली. म्हणजे सगळं काचेवर न्यायचं ठरवल्यावर वर्षभरात आवाज तरी परत बोटाखालच्या खटक्यावर आणावा लागला. मला हे फार पटलं. नंतर २०१० मध्ये कॅमेरा आणि बारीक अक्षरही स्वच्छ दाखवणारी स्क्रीन, २०१२ मध्ये ४ इंचाची स्क्रीन आणि वजन अवघं ८८ ग्रॅम. शेवटचं, म्हणजे सातवं मॉडेल २०१९ चं. कंपनीच्या आकड्याप्रमाणे नुसतं संगीत ४० तास चालतं. मे २०२२ मध्ये कंपनीने ते बंद केलं, म्हणजे आता घ्यायचं तर जुनंच.

दुसरा पर्याय सोनीचा अँड्रॉइडवरचा वॉकमन, एनडब्ल्यू-ए३०६. ३.६ इंची स्क्रीन, मेमरी कार्ड बसतं, टाइप-सी चार्जर. पण त्याला स्पीकर नाही. मायला कानात बोंडं घालून बागेत पाठवायची माझी तयारी नाही. तिथे जनावर निघतं, मागून ट्रॅक्टर येतो, कोणी हाक मारतं. शिवाय निंदणीला बाया सोबत असतात, त्याही ऐकतात, अधूनमधून सोबत म्हणतात.

तर विचारायचं आहे ते असं. जाड, कोरड्या बोटांना टच चालावा म्हणून काही करता येतं का? की टचचा नाद सोडून बटणांचाच घ्यावा? पण बटणांच्या छोट्या प्लेअरवर चित्र दिसत नाही, आणि मला प्रत्येक कॅसेटच्या गाण्यांना एक फोटो लावायचा आहे, म्हणजे न वाचता ओळखता येईल. आणि जुना आयपॉड टच घ्यायचा झाला तर काय काय तपासू?

तापीकाठ:
ताई, त्या काचेला दाब कळतच नाही. तिच्याखाली अगदी कमी विजेचं क्षेत्र असतं. बोटातून वीज वाहू शकते, म्हणून बोट जवळ आलं की ते क्षेत्र बदलतं आणि स्क्रीनला स्पर्श कळतो. घट्टे पडलेल्या कोरड्या कातडीतून हे नीट होत नाही, म्हणून जोर लावून उपयोग नाही. ओल्या फडक्याला बोट टेकवून लावून बघा, फरक पडेल. वरून जाड काच चिकटवली असेल तर ती आधी काढा. पूर्वी दाबावर चालणाऱ्या स्क्रीन असायच्या. कोवॉनचा डी२ तसा होता, नखानेसुद्धा चालायचा. पण तो २००७ च्या आसपासचा, आता त्याच्या मागे लागू नका.

सोनीबद्दल एक सांगतो. त्याच्या कडेला चालू-बंद, पुढचं गाणं, मागचं गाणं आणि आवाज अशी खरी बटणं आहेत. शिवाय होल्डचा खटका आहे, तो सरकवला की खिशात चुकून काही दाबलं जात नाही. ब्लूटूथचा छोटा स्पीकर जोडला तर तुमची अडचण सुटते. तोटा एकच, दोन वस्तू चार्ज कराव्या लागतील.

भुसावळकर:
माझ्याकडे सातवा आयपॉड टच आहे, रोज वापरतो. जुना घेताना विकणाऱ्यासमोरच सगळं पुसून नव्याने सुरू करून बघा. आधीच्या मालकाचा ॲपल आयडी मागितला तर घेऊ नका, तो उघडणार नाही. सपाट टेबलावर ठेवून स्क्रीन कुठून उचलली गेलीय का ते पाहा, बॅटरी फुगल्याची तीच खूण. बॅटरी आतून चिकटवलेली असते, बदलणं सोपं नाही. ॲपल स्वतः ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा म्हणतं, त्यामुळे उन्हाळ्यात भर दुपारी पत्र्याखाली ठेवू नका.

मायसाठी दोन गोष्टी. सेटिंगमध्ये गाइडेड ॲक्सेस आहे. ते लावलं की गाण्यांचं ॲप सोडून दुसरं काही उघडतच नाही. आणि बटण असलेला वायरचा हेडफोन घ्या. एकदा दाबलं की सुरू किंवा बंद, दोनदा पुढचं, तीनदा मागचं. घरी ऐकताना काचेला हातच लावायला नको. गाणी मात्र मेमरी कार्डसारखी टाकता येत नाहीत, संगणकातून सिंक करावी लागतात. ते तुम्हीच करून द्या.

धागा सुरू करणारी:
दोघांचे मनापासून आभार. ओल्या फडक्याचं लगेच करून पाहिलं. मायने बोट माठाच्या ओल्या कापडाला टेकवलं आणि माझ्या फोनवर गाणं लावलं. पहिल्याच स्पर्शात लागलं. तिने दोन-तीनदा बंद करून पुन्हा लावून पाहिलं. पण बागेत माठ कुठून आणायचा, म्हणून सोनी आणि छोटा स्पीकर घ्यायचा, असं भावाचं आणि माझं ठरतंय. खटके हवेतच. वायरच्या हेडफोनचा उपाय छान आहे, पण तिला कानात काही नकोच.

आता एकच अडलंय. कॅसेटची एकेक बाजू म्हणजे ३० किंवा ४५ मिनिटांची एकच फाइल आहे. ऑडॅसिटीत जिथे गाणं बदलतं तिथे लेबल लावून तुकडे वेगळे काढता येतात, ते मी शिकले. पण मावशी दोन गाण्यांच्या मध्ये बोलते. "टेप सुरू शे का?" विचारते, कोणाला तरी पाणी आणायला सांगते, हसते. मी ते बोलणं कापून फक्त गाणी ठेवली होती. मायने ऐकलं आणि विचारलं, मावशीचं बोलणं कुठे गेलं? म्हणून सगळं पुन्हा मूळ फाइलींवरून करतेय. बोलणं आधीच्या गाण्याच्या शेवटी ठेवू की पुढच्याच्या सुरुवातीला? मध्ये खंड न पडता सलग वाजायला हवं. एमपीथ्रीमध्ये दोन फाइलींच्या जोडावर बारीकशी शांतता येते, फ्लॅक (आवाजातलं काही न गाळणारा फाइलचा प्रकार) केलं तर ती येणार नाही ना?