मदत हवी आहे: हेजलेइंग (झुडपांची खोडं अर्धवट कापून, आडवी करून जिवंत कुंपण दाट करणं) शिकवणारं कोणी माहीत आहे का?

नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरशायरला राहतो. गावाच्या कुरणाला हॉथॉर्न आणि ब्लॅकथॉर्न या काटेरी झुडपांचं जुनं जिवंत कुंपण आहे. दरवर्षी ट्रॅक्टरच्या कटरने नुसतं वरून छाटल्यामुळे शेंड्याला गर्दी आणि बुंध्याशी भगदाडं, मेंढी आरामात पलीकडे जाते. आता ते उपटून तारेची जाळी लावायचं चाललंय. मला ते काहीही करून वाचवायचं आहे.

हेजलेइंगमध्ये खोड बुडाशी बिलहुकने (आकड्यासारख्या पात्याच्या कोयत्याने) तिरकं, जवळजवळ आरपार कापतात. साल आणि लाकडाची पातळ पट्टी तेवढी शाबूत ठेवायची, आणि खोड हळूच चढाच्या बाजूला आडवं करायचं. त्या पट्टीवर ते जगतं, आणि वसंतात बुडख्यातून नवे कोंब येऊन खालची भगदाडं बुजतात. आमच्याकडच्या मिडलंड पद्धतीत खुंट ठोकून वरून हेझल या झुडपाच्या लवचीक काठ्यांचा पीळ घालतात. बैल अडवायचा म्हणून इतकं भक्कम!

आमची बरीच खोडं मनगटाहून जाड आहेत. ती वाकतील, की मोडतील? नवशिक्याने चेनसॉ वापरावा का? नॅशनल हेजलेइंग सोसायटी १९७८ पासून हे काम करते. तिच्यामार्फत कोणी शिकलंय का? हेझलच्या काठ्या कुठे मिळतील?

घरट्यांमुळे शेतातल्या कुंपणांची छाटणी इथे १ मार्च ते ३१ ऑगस्ट बंद असते, त्यामुळे हिवाळ्यातच काम उरकलेलं बरं. कृपया लवकर कळवा.